गॅस टँकरची पाटी: फिटनेसच्या आधीचं काम

आरटीओच्या फिटनेस तपासणीची तारीख जवळ आली की टँकर यार्डात येतो. ब्रेक, टायर, लाइट, कमानपाटे सगळं बघून होतं आणि शेवटच्या दिवशी मालक म्हणतो, "तेवढे स्टिकर मारून घ्या." हा क्रम उलटा आहे. स्टिकरच्या आधी रंग लागतो, रंग पक्का व्हायला आठवडा लागतो आणि त्याही आधी कागद तपासावे लागतात. वाळूज असो, चिकलठाणा असो की लातूरची एमआयडीसी, गॅसचा टँकर धोक्याची माहिती देणाऱ्या पाटीवरून, म्हणजे पॅनेलवरून, परत पाठवला जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा नियमाचं अज्ञान नसतं. कुणी टेप लावून मोजलेलं नसतं, एवढंच.

पहिलं काम लायसन बघण्याचं. गॅस वाहून नेणाऱ्या टाकीला पेसोचं, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशनचं, एलएस-2 लायसन असतं. ते 2016 च्या एसएमपीव्ही, म्हणजे स्थिर आणि फिरत्या दाबाच्या टाक्यांच्या, नियमांखाली मिळतं. त्यावर ज्या गॅसचं नाव आहे तेच टाकीच्या धातूच्या नेमप्लेटवर, तेच पॅनेलवर आणि तेच केबिनमधल्या ट्रेम कार्डवर (अपघातात काय करायचं ते सांगणारं ड्रायव्हरचं कार्ड) असायला हवं. या चार जागांपैकी एक जरी वेगळी निघाली तरी बाकीचं काम तिथेच थांबवायचं. "टाकी तीच आहे, फक्त गॅस बदललाय" हे मालकाच्या तोंडून सहज निघतं. एलपीजीच्या टाकीत अमोनिया भरायचा म्हटलं तर तांब्या-पितळेचे व्हॉल्व्ह आणि फिटिंग अमोनिया खाऊन टाकतो. म्हणून गॅस बदलणं हे पेसोच्या परवानगीचं काम आहे, पेंटरचं नाही.

नेमप्लेट ही टाकीची जन्मपत्रिका. बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, कोणत्या मानकानुसार बांधली, डिझाइन प्रेशर, लिटरमध्ये पाण्याची क्षमता, गॅसचं नाव, द्रवरूप गॅस असेल तर वजनात किती भरायचा, आणि हायड्रॉलिक चाचणीच्या तारखा. ही चाचणी साधारण पाच वर्षांनी असते, विषारी किंवा गंजवणाऱ्या गॅससाठी दोन वर्षांनी. प्रत्येक चाचणीची तारीख प्लेटवर ठोकून उमटवलेली असते आणि नेमकी तीच वाचता येत नाही, कारण दर वेळी टाकी रंगवताना पेंटर प्लेटवरूनही ब्रश फिरवतो. तीन-चार रंगकामांनंतर 8 चा 0 होतो, 3 चा 8. प्लेटला रंगाआधी ग्रीसचा पातळ हात द्या किंवा मास्किंग टेप लावा (ऑक्सिजनच्या टाकीवर ग्रीस अजिबात नाही, टेपच). आधीच बुजलेली असेल तर थिनर आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. वायर व्हील लावू नका. रंगाबरोबर ठोकलेल्या आकड्यांच्या कडाही जातात. शिवाय गॅसच्या टाकीजवळ ठिणगी पाडणारं कोणतंच हत्यार चालत नाही.

इथे थोडं थांबतो. एलपीजीचा टँकर रिकामा करून आणला तरी आत वाफ असतेच. आत हवा गेली की ते मिश्रण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. म्हणून रिकाम्या टँकरवर स्टिकर लावताना हीट गन नाही, इलेक्ट्रिक ग्राइंडर नाही, मोबाइलचा टॉर्च नाही. जुना रंग हाताने, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचा. पाटी बसवायला टाकीला भोक पाडणं किंवा क्लॅम्प वेल्ड करणं हा तर विषयच नाही. प्रेशर शेलवर, म्हणजे टाकीच्या दाब सोसणाऱ्या पत्र्यावर, वेल्डिंग म्हणजे टाकी पुन्हा तपासणीला. कारखान्यातून वेल्ड होऊन आलेले पॅड असतील तर त्यांनाच पट्टी बोल्ट करा, नाहीतर चासीवरून वेगळा स्टँड उभा करा, किंवा सरळ शेलवर स्टिकर लावा. आमचा कल तिसऱ्याकडे असतो. स्टँडची पाटी खडखडत राहते आणि दोन-चार महिन्यांत बोल्ट गळतो.

आता पॅनेल. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 134 सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनेल तीन ठिकाणी हवं: डावी बाजू, उजवी बाजू आणि मागे. पुढे नाही. पुढून येणाऱ्याला बंपर दिसतो, पण गाडी आडवी पडली की शेजारून किंवा मागून येणाऱ्यालाच काय ते वाचता येतं. पॅनेलवर मालाचं अचूक तांत्रिक नाव किमान 50 मिमी उंचीच्या अक्षरांत, क्रमांक किमान 100 मिमी उंचीच्या आकड्यांत, किमान 250 मिमी चौरसाचं क्लास लेबल (धोक्याचा प्रकार दाखवणारी खूण), आणि आगीत किंवा अपघातात कुणाला कळवायचं त्याचं नाव व फोन पुन्हा 50 मिमीत. शिवाय माल पाठवणाऱ्याचा किंवा जाणकाराचा नंबर.

अडीचशे मिलिमीटर हा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. लेबल चौकोनी असतं, पण लावायचं 45 अंशात, म्हणजे कोपऱ्यावर उभं. प्रिंटरवाला स्क्रीनवर समभुज चौकोन काढतो आणि त्याची उंची 250 लिहितो. ती उंची म्हणजे कर्ण. कर्ण 250 असेल तर बाजू भरते सुमारे 177 मिमी. लेबल डोळ्याला ठीक दिसतं आणि टेप लावल्यावर सत्तर मिलिमीटरनं छोटं निघतं. बाजू 250 हवी तर उभी आणि आडवी जागा प्रत्येकी 354 मिमी सोडावी लागते. प्रिंटरला सांगताना "अडीचशेचा डायमंड" म्हणू नका. "चौकोन अडीचशेचा, मग 45 वर फिरव, मग बघ" असं म्हणा.

"दादा, अडीचशेचंच केलंय की."

"कडेवर टेप लाव बाळा. टोक ते टोक नको, कडेवर."

अक्षरांचीही हीच गत. प्रिंटर 50 मिमीचा फाँट टाकतो, पण फाँटच्या आकारात वरखालची मोकळी जागाही धरलेली असते. रोमन मोठं अक्षर त्यात साधारण सत्तर टक्के भरतं, म्हणजे हातात 35 मिमी येतं. अक्षर खरोखर 50 भरायचं तर फाँट सुमारे 71 मिमी, म्हणजे 200 पॉइंटच्या आसपास ठेवावा लागतो. मराठी ओळ छापताना वेलांटी-मात्रेसकट 50 मोजू नका. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत 50 हवेत. फाँट जाडसर घ्या. बारीक सुंदर फाँट लग्नपत्रिकेला ठीक, इथे तो दहा पावलांवर धूसर होतो.

नावाबद्दल. "कुकिंग गॅस", "घरगुती गॅस", कंपनीचं ब्रँड नाव यातलं काहीही तांत्रिक नाव नाही. लिक्विफाइड पेट्रोलियम गॅस हे पूर्ण लिहायचं. अमोनिया असेल तर अनहायड्रस अमोनिया. फक्त "अमोनिया" लिहिलं तर तो पाण्यातला द्रव आहे की शुद्ध गॅस हे कळत नाही, आणि दोन्हींना वेगळे यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले) क्रमांक आहेत. ऑक्सिजन, नायट्रोजनच्या थंड टाक्यांवर रेफ्रिजरेटेड लिक्विड हे शब्द नावाचाच भाग आहेत, गाळू नका.

क्रमांकावर यार्डात कायम वाद होतो. नियमाच्या मजकुरात यूएन क्लास नंबर असं आहे, म्हणजे 2.1 (ज्वलनशील गॅस), 2.3 (विषारी गॅस) वगैरे. प्रत्यक्षात माल देणाऱ्या कंपन्या आणि अग्निशमनवाले चार आकडी यूएन क्रमांक शोधतात. भांडत बसू नका, दोन्ही 100 मिमीत लिहा. चार आकडी क्रमांक पॅनेलवर स्वतंत्र चौकटीत, क्लासचा क्रमांक लेबलच्या खालच्या टोकात. एलपीजी 1075, अनहायड्रस अमोनिया 1005, क्लोरीन 1017, द्रव ऑक्सिजन 1073, द्रव नायट्रोजन 1977, द्रव आर्गॉन 1951, थंड द्रव कार्बन डायऑक्साइड 2187, एलएनजी 1972, सीएनजी 1971. शेवटच्या दोघांत आकड्याचा फरक एकचा, पण एक उणे एकशेसाठ अंशांच्या आसपासचा थंड द्रव आणि दुसरा दोनशे बारच्या दाबातला गॅस.

लेबलांचे रंगही पक्के आहेत. ज्वलनशील गॅस लाल, वर ज्वाळा. न पेटणारा, बिनविषारी गॅस हिरवा, वर सिलिंडर. विषारी गॅस पांढरा, वर कवटी आणि हाडं. द्रव ऑक्सिजन स्वतः पेटत नाही म्हणून हिरवा, पण दुसऱ्याचं पेटणं भडकवतो म्हणून शेजारी पिवळं 5.1 चं लेबलही हवं. हे दुसरं लेबल फार वेळा राहून जातं. अमोनियाला कवटीच्या जोडीला 8 चं, म्हणजे गंजवणाऱ्या पदार्थाचं. क्लोरीनला दोन्ही: 5.1 आणि 8.

एप्रिल 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत सरकारने नायट्रोजन-आर्गॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी वळवायला सांगितलं, तेव्हा हे दुसरं लेबल किती महत्त्वाचं ते सगळ्यांनाच नीट कळलं. टाकी तीच, आतून तेलाचा अंशही न ठेवता साफ केलेली, पण बाहेर 1977 आणि एकटं हिरवं लेबल तसंच राहिलं तर समोरचा तिला नायट्रोजनच समजणार. नायट्रोजनच्या गळतीत तेलकट चिंधी टाकीजवळ चालते, ऑक्सिजनच्या गळतीत तीच चिंधी पेट घेऊ शकते. म्हणून ऑक्सिजनच्या टाकीवर स्टिकर लावणाऱ्याच्या हातालाही ग्रीस नको, आणि पुसायचं फडकं व्हॉल्व्ह बॉक्सच्या जवळ ठेवायचं नाही.

आता हॅझकेम कोड, म्हणजे अपघातात काय करायचं ते दोन-तीन खुणांत सांगणारा कोड. माल देणाऱ्या कंपन्या पॅनेलवर तो मागतातच. पहिला आकडा आग विझवायचं माध्यम सांगतो: 1 जाड फवारा, 2 बारीक धुक्यासारखा फवारा, 3 फेस, 4 कोरडं माध्यम. मधलं अक्षर अग्निशमन जवानाने काय घालायचं आणि सांडलेलं धुऊन गटारात सोडायचं की अडवून ठेवायचं ते सांगतं: पी, आर, एस, टी म्हणजे पाण्याने पातळ करून सोडा, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड म्हणजे अडवा. शेवटी ई असेल तर आसपासची वस्ती हलवायचा विचार आधी करा. अमोनिया 2आरई, क्लोरीन 2एक्सई. एलपीजीच्या जुन्या पॅनेलांवर 2डब्ल्यूई दिसतो, नव्यांवर 2वायई. डब्ल्यूला अंगभर संरक्षक सूट लागतो, वायला श्वसनयंत्र आणि फायर किट. कंपनीच्या ट्रेम कार्डावर जो कोड छापलाय तोच पॅनेलवर आणा. कार्डावर एक आणि टाकीवर दुसरा असेल तर प्लांटच्या गेटवरचा माणूस गाडी बाजूला लावायला सांगतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर सिडको चौकात पहाटे एलपीजीचा टँकर दुभाजकाला धडकून गळायला लागला. अग्निशमन दलाला तासन्‌तास पाण्याचा मारा करावा लागला, परिसरातली वीज बंद केली गेली, लोकांना हलवलं गेलं. पाण्याचा मारा आणि लोकांना हलवणं, पॅनेलवरच्या 2 आणि ई या दोन खुणा सांगतात तेच. अशा वेळी पहिला पोलीस किंवा जवान वारा गॅस जिकडे नेतोय त्या बाजूने जाऊच शकत नाही. तो जिकडून येईल तिकडून पॅनेल वाचता यायला हवं, म्हणून तीन जागा. एकच मोठं पॅनेल मागे लावून भागत नाही.

फोन नंबर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. डेपोचा जुना लँडलाइन नंबर, बदली होऊन गेलेल्या सेफ्टी ऑफिसरचा मोबाइल, बंद पडलेलं सिम. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडसकट हवा: संभाजीनगर 0240, जालना 02482, बीड 02442, लातूर 02382, नांदेड 02462. कोड नसलेला नंबर गेवराईजवळ रस्त्यावर उभा असलेला माणूस लावणार कसा? 112 आणि 101 हवेतच. एलपीजी गळतीसाठीचा 1906 ही घाला. स्टिकर छापायला देण्याआधी पॅनेलवरचा प्रत्येक नंबर रात्री अकरानंतर एकदा लावून बघा. दिवसा उचलला जातो, रात्री उचलला जाईलच असं नाही, आणि टँकर रात्रीच पळतात.

आता चिकटवणं. पॉलिमेरिक किंवा कास्ट व्हिनाइल घ्या. साधं कॅलेंडर्ड व्हिनाइल स्वस्त पडतं, पण ऊन खाऊन आकसतं आणि कडा उचलल्या जातात. वेल्डच्या उंच शिवणीवर तर ते पहिल्या उन्हाळ्यातच सुटतं. शक्यतो शिवण टाळूनच जागा निवडा. लाल छपाईवर यूव्ही लॅमिनेशन हवंच. मराठवाड्यातलं 42-43 अंशांचं ऊन लाल रंग सगळ्यात आधी खातं आणि दोन उन्हाळ्यांत 2.1 चं लेबल गुलाबी-नारिंगी होतं. मग तपासणीवाला "हे लाल आहे का?" म्हणतो, तर त्याला उत्तर नसतं.

टाकीचा रंग पांढरा किंवा ऊन परतवणारा असतो, तो झाकायचा नाही. पॅनेल गरजेपुरतंच. अर्धी टाकी झाकणारी रंगीत जाहिरात किंवा मोठं नाव म्हणजे ऊन शोषणारा पट्टा. ताज्या एनॅमल रंगावर लगेच स्टिकर लावला तर रंगातला थिनर खालून वाफ सोडतो आणि फुगे येतात. आठवडा थांबा. लावण्याआधी पृष्ठभाग साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेल्पर सवयीने डिझेलच्या बोळ्याने पुसतो. टाकी चकाचक होते आणि स्टिकर पंधरा दिवसांत हातात येतो. मे महिन्यात दुपारी शेलला हात लावता येत नाही, अशा तापलेल्या पत्र्यावर गोंद जागेवर धरतो आणि वाकडं बसलेलं हलवता येत नाही. सकाळी सहा ते नऊ हीच वेळ. मधून सुरुवात करून स्क्वीजी (स्टिकर दाबायची पट्टी) बाहेरच्या कडेकडे ओढायची, कागद एकदम सोलायचा नाही. उरलेला फुगा सुईने टोचून दाबा, ब्लेड लावू नका, ब्लेडची रेघ खाली रंगात उतरते आणि तिथून गंज सुरू होतो.

थंड द्रवाच्या टाकीला एक वेगळीच अडचण. बाहेरचं कवच गरमच असतं, पण मागच्या व्हॉल्व्ह बॉक्सजवळ पाइपवर बर्फ धरतो, तो वितळून पाणी ठिबकतं आणि पुन्हा गोठतं. त्या पट्ट्यात लावलेलं मागचं पॅनेल टिकत नाही. ते बॉक्सच्या वर, निदान वितभर अंतरावर घ्या. तिथल्या प्रत्येक लाइनवर "लिक्विड" आणि "व्हेपर" हे शब्द मात्र हवेतच. तिथे स्टिकर नको, ॲल्युमिनियमच्या ठोकलेल्या अक्षरांची चकती तारेने बांधा.

मागची बाजू पॅनेल दिसण्याच्या दृष्टीनेही अवघड. शिडी, स्टेपनी, होस पाइपची नळी, नंबर प्लेट आणि ड्रायव्हरने लावलेली काळी चवरी, सगळे एकाच जागेवर हक्क सांगतात. पॅनेल शिडीच्या दांड्यामागे गेलं तर ते लावलंच नाही असं धरा. लिंबू-मिरची बंपरला असू दे, पॅनेलवर नाही. रिफ्लेक्टिव्ह टेप 50 मिमीची: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ती पॅनेलच्या चौकटीवरून ओढू नका. अर्धं अक्षर टेपखाली गेलेलं दिसतं, आणि ते कुणी जाणूनबुजून केलेलं नसतं.

लावून झाल्यावर खरी परीक्षा रस्ता घेतो. गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात, चाकांची काळी माती महामार्गावर उडते आणि टँकरच्या मागे हवेच्या ओढीने ती जाऊन बसते ती नेमकी मागच्या पॅनेलवर. दोनशे किलोमीटरनंतर बाजूची पॅनेलं वाचता येतात, मागचं नाही. नियमही सांगतो की पॅनेल आणि लेबल कायम स्वच्छ आणि मोकळी हवीत. म्हणून चहाला थांबलं की आधी ओलं फडकं. प्रेशर वॉशरचा नोझल स्टिकरच्या कडेवर धरू नका, हातभर लांबून आणि समोरून पाणी मारा, नाहीतर कड सुटली की वारा बाकीचं काम करतो.

माल उतरवून टाकी रिकामी झाली म्हणून पॅनेल झाकायचं नाही. आतला गॅस पूर्ण काढून, टाकी नायट्रोजनने पर्ज होऊन (उरलेली वाफ हुसकावून) तसं प्रमाणपत्र मिळेपर्यंत ती टाकी भरलेलीच समजा. उलट, पर्ज झाल्यावर वर्कशॉपला नेताना जुनं लेबल तसंच सोडलं तरी घोळ होतो. पुढचा माणूस निष्कारण गर्दी हटवत बसतो.

शेवटी फोटो. तीन बाजूंचे तीन, प्रत्येकात टेप लावलेली दिसेल असे, आणि नेमप्लेटचा एक, जवळून. ते ड्रायव्हरच्या आणि ऑफिसच्या फोनमध्ये ठेवा. प्लांटच्या गेटवर वाद झाला तर हेच कामी येतात. केबिनमध्ये तीन स्टिकरांचा एक जादा सेट असू द्या. तो घडी घालून बर्थखाली सरकवू नका. घडीवर छपाई तडकते आणि इंजिनच्या उष्णतेने गोंद कागदाला धरतो. पुठ्ठ्याच्या नळीत, छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा. आत ठेवून गुंडाळला तर स्टिकर मागच्या कागदावरून उचलला जातो आणि सुरकुततो.